सहजयोग: हातावरची थंड झुळूक आणि तिच्यामागची श्रद्धा

क्रांती चौकात संध्याकाळी दहा मिनिटं उभं राहा, हातात एखादा कागद पडतोच. कधी मोर्चाचं पत्रक, कधी क्लासची जाहिरात, कधी कुठल्याशा शिबिराचं आमंत्रण. शिबिराच्या आमंत्रणात बहुतेक दोन गोष्टी ठळक असतात: प्रवेश मोफत आणि सर्व धर्मीयांचं स्वागत. ताणतणाव, झोप न येणं, शुगर, बीपी यांनी बेजार झालेला माणूस असा कागद खिशात ठेवतो. त्यात वाईट काहीच नाही. पण आत गेल्यावर जे शिकवलं जातं ते नुसता व्यायाम आहे की एक पूर्ण श्रद्धाव्यवस्था, हे आधी माहीत असलेलं बरं. म्हणून या लेखात आम्ही महाराष्ट्राच्या मातीशी जवळचं नातं असलेल्या एका पंथाची माहिती देत आहोत. त्याचं नाव सहजयोग. त्याच्या संस्थापिकेनं त्याला ‘विश्व निर्मल धर्म’ असंही नाव दिलं आहे. म्हणजे धर्म हा शब्द आमच्या पदरचा नाही.

या पंथाच्या संस्थापिका निर्मला श्रीवास्तव. अनुयायी त्यांना श्री माताजी निर्मला देवी म्हणतात. 21 मार्च 1923 रोजी छिंदवाडा इथं साळवे नावाच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील प्रसाद साळवे संविधान सभेचे सदस्य होते. भाऊ एन. के. पी. साळवे केंद्रात मंत्री होते आणि क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्षही. साळवे घराणं हे पैठणच्या शालिवाहन राजवंशातलं, असं त्यांच्या चरित्रांतून सांगितलं जातं. पैठणचं जुनं नाव प्रतिष्ठान, आणि पुण्यातल्या त्यांच्या मोठ्या घराचं नावही प्रतिष्ठानच. तेव्हा आपल्या जिल्ह्याशी या पंथाचा धागा आहे, निदान त्यांच्या सांगण्यात तरी. 1947 मध्ये त्यांचं लग्न सनदी अधिकारी चंद्रिका प्रसाद श्रीवास्तव यांच्याशी झालं. हे गृहस्थ लालबहादूर शास्त्रींच्या कार्यालयात होते आणि पुढं 1974 ते 1989 या काळात लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचे महासचिव राहिले. सहजयोग इंग्लंड-युरोपात पसरला त्याला हा लंडनचा मुक्काम बराच कारणीभूत आहे.

पंथाची सुरुवात 5 मे 1970 ची मानतात. गुजरातमधल्या नारगोळच्या समुद्रकिनाऱ्यावर आपण ‘सहस्रार’ उघडलं, असं माताजींचं म्हणणं. पुढं महाराष्ट्रात राहुरीसारख्या गावांत त्यांचे कार्यक्रम झाले आणि गणपतीपुळ्याला दरवर्षी देशोदेशीचे अनुयायी जमू लागले. 23 फेब्रुवारी 2011 रोजी इटलीत जिनोव्हा शहरी त्यांचं निधन झालं.

मूळ कल्पना

माणसाच्या माकडहाडाजवळच्या त्रिकोणी हाडात एक सुप्त शक्ती साडेतीन वेढे घालून बसली आहे, ती म्हणजे कुंडलिनी. ती जागी होऊन सात चक्रांतून वर चढते आणि टाळूतून बाहेर पडते. हाच आत्मसाक्षात्कार. हे वर्णन नवं नाही. नाथपंथात ते होतं आणि ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात तर मराठीतच आहे. सहजयोगाचा दावा एवढाच की पूर्वी जे विरळ्या साधकाला वर्षानुवर्षांच्या कष्टानं मिळायचं, ते आता सभागृहात बसलेल्या शेकडो लोकांना एकदम, फुकट आणि सहज मिळतं. कुणामुळे? माताजींमुळे. 2 डिसेंबर 1979 रोजी लंडनमध्ये त्यांनी आपण आदिशक्ती आहोत असं उघडपणे जाहीर केलं. पंथाचा गाभा इथं आहे. ध्यान, श्वास, शांतता ही सगळी त्याच्या भोवतीची रचना.

साक्षात्कार झाला हे ओळखायचं कसं? तळहातावर आणि टाळूवर थंड झुळूक जाणवते. तिला ते चैतन्य लहरी म्हणतात. झुळूक थंड असेल तर चांगलं, हात गरम वाटले किंवा टोचल्यासारखं झालं तर कुठल्यातरी चक्राला ‘पकड’ आहे. मग कुठलं चक्र हे बोटांवरून समजतं. करंगळी हृदयाचं चक्र, अनामिका आज्ञाचक्र, मधलं बोट नाभी, तर्जनी विशुद्धी, अंगठा स्वाधिष्ठान. तळहाताचा मनगटाकडचा भाग मूलाधार आणि मधोमध सहस्रार. प्रत्येक चक्राला देवता ठरलेली, गुण ठरलेला आणि आजारही ठरलेला.

वाचकांनी इथं जरा थांबावं. डॉक्टर नाडी बघतो, रक्त तपासतो, तेव्हा त्याच्या श्रद्धेचा त्यात काही संबंध येत नाही. सहजयोगात मात्र निदानच श्रद्धेवर उभं आहे. अंगठ्याला मुंग्या आल्या म्हणून स्वाधिष्ठान बिघडलं, हे मान्य करायचं तर चक्र मानावं लागतं, चक्रावरची देवता मानावी लागते आणि ती देवता जागी करणारी माताजीही मानावी लागते. ‘आम्ही फक्त तब्येतीसाठी जातो’ असं म्हणणाऱ्याला हा हिशेब कुणी समजावून सांगत नाही.

उपचार म्हणजे काय करतात

सर्वांत प्रसिद्ध म्हणजे मीठ-पाण्याची क्रिया. रात्री पातेल्यात किंवा बादलीत मिठाचं पाणी घेऊन त्यात पाय सोडून दहा-पंधरा मिनिटं बसायचं. समोर माताजींचा फोटो आणि पेटवलेली मेणबत्ती किंवा दिवा, तळहात फोटोकडे. नंतर ते पाणी संडासात ओतायचं, कारण नकारात्मकता त्यात उतरली असं मानतात. शरीराची डावी बाजू चंद्राची, भूतकाळाची, भावनांची. तिला ज्योतीची ऊब द्यायची. उजवी बाजू सूर्याची, भविष्याची, धावपळीची. तिला गारवा द्यायचा, यकृतावर बर्फाची पिशवी ठेवायची. ‘बाधा’ असेल तर लिंबू-मिरचीचाही प्रयोग आहे. त्रास देणारी गोष्ट जमिनीवर लिहून तिला चपलेनं मारायची क्रियाही आहे. हे वाचून हसू येणाऱ्यांनी आपल्या मोहल्ल्यात नजर उतरवताना मिरच्या कशा जाळतात तेही आठवावं.

पाय मिठाच्या कोमट पाण्यात ठेवून शांत बसल्यानं थकवा जातो, झोप लागते, यात आश्चर्य नाही. आमच्या आज्याही तेच सांगायच्या. या पंथात दारू-तंबाखू वर्ज्य आहे, त्याचाही फायदा होणारच. साक्षात्कारासाठी पैसे घेत नाहीत, हेही नोंदवलं पाहिजे.

काळजी वाटते ती आजारांच्या कारणमीमांसेची. मधुमेहाचंच घ्या. माताजींची शिकवण अशी की मधुमेह साखर खाऊन होत नाही, माणूस अति विचार आणि अति नियोजन करतो म्हणून स्वाधिष्ठान थकतं आणि मग हा आजार होतो. खेड्यातला शेतकरी चमचा उभा राहील इतकी साखर चहात घालतो आणि त्याला काही होत नाही, असं त्या सांगायच्या. आता मराठवाड्यातल्या कुठल्याही खेड्यात जा आणि घरोघरी शुगरच्या गोळ्यांची पाकिटं मोजा. आनुवंशिकता, वजन, बैठी कामं, आहार यांच्याशी मधुमेहाचा संबंध आहे आणि तो शेतकऱ्यालाही सोडत नाही. कर्करोगाचा संबंध तर या पंथात डाव्या बाजूच्या बिघाडाशी आणि मृतात्म्यांच्या बाधेशी जोडला जातो. अशा शिकवणीनंतर ‘डॉक्टरकडे जाऊ नका’ असं कुणी तोंडानं म्हणण्याची गरज उरत नाही. रुग्णच गोळी अर्धी करतो, मग विसरतो. शिवाय बरं वाटलं नाही तर दोष त्याच्याच ध्यानाचा.

संशोधन झालं आहे का? झालं आहे, आणि ते बाजूला सारण्यासारखंही नाही. 1996 मध्ये भारतात अपस्माराच्या, म्हणजे फिट येणाऱ्या 32 रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. सहजयोग करणाऱ्यांच्या झटक्यांत बरीच घट त्यात दिसली. पण सगळ्या जगातले पुरावे पारखणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं तो अभ्यास तपासून, एवढ्या लहान संख्येवरून भरवशाचा निष्कर्ष काढता येत नाही, असं मत दिलं. सिडनीत दम्याच्या रुग्णांवर चार महिने प्रयोग झाला, 2002 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. श्वासनलिकेच्या संवेदनशीलतेत थोडी सुधारणा दिसली, मात्र वर्ग थांबल्यावर दोन महिन्यांनी तो फरक राहिला नाही. नवी मुंबईत सीबीडी बेलापूरला 1996 पासून पंथाचं स्वतःचं आरोग्य केंद्रही आहे. या सगळ्यातून फार तर एवढं म्हणता येईल की औषधांच्या जोडीला शांत बसण्याचा काहींना उपयोग होतो. औषधाऐवजी, असं कुठंच सिद्ध झालेलं नाही.

इस्लामबद्दल हा पंथ काय म्हणतो

आमच्या वाचकांच्या दृष्टीनं हा भाग महत्त्वाचा, कारण सहजयोगाच्या कार्यक्रमात इस्लामविषयी अनादर ऐकू येत नाही, उलट आदरच ऐकू येतो. नाभीभोवतीच्या भागाला ते भवसागर म्हणतात आणि तिथं दहा आदिगुरू मानतात: अब्राहम, मोझेस, झरतुष्ट्र, कन्फ्यूशियस, लाओत्से, सॉक्रेटिस, राजा जनक, प्रेषित मुहम्मद (स.), गुरू नानक आणि शिर्डीचे साईबाबा. हे दहाही जण एकाच दत्तात्रेय तत्त्वाचे अवतार, असं पंथ मानतो. हजरत अली (रजि.) आणि हजरत फातिमा (रजि.) यांनाही त्यांच्या चक्रव्यवस्थेत जागा आहे. नमाज म्हणजे कुंडलिनी जागृतीच, असं माताजी सांगत. कयामतच्या दिवशी हात बोलतील, या कुरआनमधल्या उल्लेखाचा अर्थही त्यांनी तळहातावरच्या लहरींशी जोडला.

सूरह यासीनची 65 वी आयत ज्यांनी अर्थासह वाचली आहे त्यांना फरक लगेच कळेल. तिथं तोंडावर मोहोर लागते, हात बोलतात आणि पाय साक्ष देतात, आणि ती साक्ष माणसानं जगात केलेल्या कमाईची असते. विषय हिशेबाचा आहे, आजाराच्या निदानाचा नाही.

दत्त फकिराच्या वेषात भेटतो ही कल्पना आपल्या भागात नवी नाही. दौलताबादच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींनी एकनाथांना दत्तदर्शन घडवलं ते मलंगाच्या रूपात, अशी कथा आहे. जनार्दनस्वामींचे गुरू म्हणून परंपरा चांद बोधले यांचं नाव घेते. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे त्याच परंपरेतले मानतात. शेजाऱ्यानं शेजाऱ्याच्या फकिरात आपला देव पाहिला, ही दख्खनची रीत आहे आणि ती आम्हाला परकी वाटत नाही. पण प्रेषितांना (स.) अवतार म्हणणं हे वेगळं प्रकरण आहे. इस्लाममध्ये अल्लाह कुणाच्या देहात उतरत नाही. प्रेषित हे त्याचे बंदे आणि रसूल आहेत, आणि ही मालिका त्यांच्यावर संपली. ‘तुमच्या प्रेषितांनाही आम्ही मानतो’ हे वाक्य कानाला गोड लागतं, पण मानतात ते आपल्या अर्थानं नाही. सहजयोगी बांधव हे मनापासून म्हणतात याबद्दल शंका नाही.

नवख्यांना पहिल्याच बैठकीत काय करायला लावतात तेही पाहू. डावा हात फोटोकडे पसरायचा, उजवा हात शरीराच्या डाव्या बाजूला एकेका जागी ठेवत जायचा. हृदयावर हात ठेवून माताजींना विचारायचं, मी आत्मा आहे का? मग मी माझा गुरू आहे का? मानेजवळ हात नेऊन मी दोषी नाही असं म्हणायचं. कपाळावर हात ठेवून सर्वांना क्षमा करायची. शेवटी टाळूवर हात दाबून मला आत्मसाक्षात्कार द्या, अशी विनंती सात वेळा करायची. ही विनंती कुणाला आहे? फोटोतल्या व्यक्तीला. मुसलमानाच्या बाबतीत प्रश्न इथंच निकाली निघतो, बाकी चक्रांची चर्चा केली काय आणि न केली काय.

वाचून फुंकर घालणं, दम करणं इस्लामला माहीतच नाही असं मात्र कुणी समजू नये. विंचू चावलेल्या एका सरदारावर एका सहाबींनी सूरह फातिहा वाचली, तो बरा झाला, मोबदल्यात शेळ्या-मेंढ्या मिळाल्या आणि प्रेषितांनी (स.) ते मान्य केलं, ही बुखारीतली हदीस आहे. लोक जाहिलियतच्या काळापासून जे मंत्र म्हणत त्याबद्दल विचारलं गेलं तेव्हा, ज्यात शिर्क नाही त्यात हरकत नाही, अशा अर्थाचं उत्तर सहीह मुस्लिममध्ये नोंदलेलं आहे. आणि उपचार करा, म्हातारपण सोडलं तर प्रत्येक आजारावर अल्लाहनं औषध ठेवलं आहे, हेही प्रेषितांचंच (स.) सांगणं. रुक्या आणि दवाखाना यांत तिथं भांडण नाही. भांडण आपण लावतो, जेव्हा फिट येणाऱ्या मुलाला महिनोन्महिने फक्त आमिलकडे नेत राहतो.

कायद्याच्या बाजूनं दोन गोष्टी. 1954 चा औषधे व चमत्कारी उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा मधुमेह, कर्करोग, अपस्मार यांसारखे आजार बरे करण्याच्या जाहिरातींना मनाई करतो. त्याच्या परिशिष्टात असे 54 आजार आहेत. आणि महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा साप, विंचू, कुत्रा चावल्यावर माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा ठरवतो. मीठ-पाण्यात पाय बुडवून ध्यान करणं यात कुठंच गुन्हा नाही. दोन्ही कायदे कुठल्या एका धर्माचे किंवा पंथाचे नाहीत, ‘शुगर जडसे खतम’ अशी पाटी लावणाऱ्या आपल्या तावीजवाल्यालाही ते तेवढेच लागू होतात. जादूटोणाविरोधी कायद्याखाली दक्षता अधिकारी नेमलेले असतात आणि त्यांचा दर्जा पोलीस निरीक्षकाहून कमी नसतो. तक्रार पोलीस ठाण्यातच द्यायची.