ईस्टलेकचा पाचवा संच : दुपारी १ वाजून ३१ मिनिटे

१४ ऑगस्ट २००३. अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत त्या दिवशी अंधारात गेला. सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली, ६१,८०० मेगावॅटचा भार तुटला. ही हकीकत सांगणारे बहुतेक जण झाडांपासून सुरुवात करतात. ओहायोत ३४५ केव्हीच्या तारा वाढलेल्या झाडांना टेकल्या आणि पुढे सगळे कोसळत गेले, असे ते सांगतात. हे खरे आहे. पण दोन्ही देशांच्या संयुक्त कृतिदलाचा एप्रिल २००४ चा अंतिम अहवाल वेळेच्या क्रमाने वाचला, तर झाडाला टेकून यातली पहिली लाइन ट्रिप होण्याच्या दीड तास आधी एक मोठा जनरेटर बंद पडलेला दिसतो. तो का बंद पडला, याचे उत्तर रिअॅक्टिव्ह पॉवरमध्ये आहे.

हा जनरेटर म्हणजे एरी सरोवराकाठच्या ईस्टलेक वीजकेंद्राचा संच क्रमांक ५. त्याची क्षमता ५९७ मेगावॅट. क्लीव्हलँड-अॅक्रन पट्ट्याला व्होल्टेजचा आधार देणाऱ्या मोजक्या मोठ्या संचांपैकी हा एक. त्या दिवशी याच पट्ट्यातला डेव्हिस-बेसी अणुवीज संच बंद होता, तो २००२ पासूनच. ईस्टलेकचाच चौथा संच आदल्या दिवशी बिघाडाने बाहेर गेला होता. काही कपॅसिटर बँका नेहमीच्या तपासणीसाठी काढून ठेवलेल्या होत्या. दुपार उष्ण होती आणि एअर कंडिशनर जोरात चालू होते. एअर कंडिशनरच्या मोटरींना नुसते मेगावॅट पुरत नाहीत, त्यांना मेगाव्हारही, म्हणजे रिअॅक्टिव्ह पॉवरही लागते. मेगावॅट दूरच्या राज्यातून विकत आणता येतात. मेगाव्हार लांबच्या तारांमध्येच खर्ची पडतात, म्हणून ते जवळच तयार करावे लागतात.

कागदपत्रांतला सर्वांत बोलका पुरावा फोनच्या ध्वनिमुद्रणांचा आहे. १ वाजून १३ मिनिटांपासून, या पट्ट्याला वीज पुरवणाऱ्या फर्स्टएनर्जी कंपनीच्या नियंत्रण कक्षातला ऑपरेटर एकामागून एक वीजकेंद्रांना फोन लावताना ऐकू येतो. सॅमिस केंद्राला तो १३८ केव्हीचे व्होल्टेज वर घ्यायला सांगतो. दुसऱ्या केंद्राला सांगतो, सगळीकडे व्होल्टेज खाली बसत चालले आहे. ईस्टलेकला सांगतो, भार धरला होता त्यापेक्षा बराच जास्त निघाला आहे. संभाषणे छोटी आहेत, भाषा रोजच्या कामाची आहे आणि घबराट कुठेही नाही. पण हे सगळे फोन सलग वाचले की एक गोष्ट लक्षात येते. हा माणूस मेगाव्हार मागतो आहे आणि देणाऱ्यांकडे ते जवळजवळ संपलेले आहेत.

ईस्टलेकच्या संचावर नेमके काय घडले ते समजायला थोडी यंत्राची रीत पाहावी लागते. जनरेटर एकटा चालत असताना एक्सायटेशन, म्हणजे रोटरच्या फील्डमधला करंट, वाढवले की त्याचे व्होल्टेज वाढते. एकदा तो ग्रिडशी सिंक्रोनाइझ झाला की व्होल्टेज मुख्यतः ग्रिड ठरवते, आणि वाढवलेले एक्सायटेशन मेगाव्हारच्या रूपाने बाहेर पडते. ग्रिडचे व्होल्टेज खाली गेले की स्वयंचलित व्होल्टेज नियंत्रक, म्हणजे एव्हीआर, रोटरच्या फील्डमध्ये आणखी करंट ढकलतो. रोटर तापतो. म्हणून जादा मेगाव्हार दिसले की मशीन खोलायच्या आधी ग्रिडचे व्होल्टेज आणि एव्हीआरचा सेटपॉइंट शेजारी ठेवून पाहावेत. ईस्टलेकला मशीनमध्ये बिघाड नव्हता, मागणीच त्याच्या आवाक्याबाहेरची होती.

पुढचा क्रम असा. पाचवा संच आधीच भरपूर मेगाव्हार देत होता आणि केंद्राचा ऑपरेटर ते आणखी वाढवत होता. एक्सायटेशन मर्यादेपलीकडे गेले आणि एव्हीआर आपोआप मॅन्युअलवर गेला. ऑपरेटर त्याला पुन्हा ऑटोवर आणू लागला, आणि १ वाजून ३१ मिनिटांनी संरक्षण यंत्रणेने संच ग्रिडवरून तोडला. ज्या केंद्राकडून जास्त मेगाव्हार हवे होते, त्याचे सगळेच मेगाव्हार गेले आणि सोबत मेगावॅटही. माझ्या मते कच्चा दुवा इथे आहे. मर्यादेला पोचल्यावर एक्सायटेशन तिथेच धरून ठेवणे हे नियंत्रकाचे काम. त्याने हात सोडला, आणि सगळा भार ऐन अडचणीत एका माणसाच्या हातावर आला. त्या माणसाला दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

या संचामुळेच ब्लॅकआउट झाला, असेही काही जण म्हणतात. अहवालाला ते मान्य नाही. तपासकर्त्यांनी त्या दुपारची स्थिती संगणकावर पुन्हा उभी केली. संच गेल्यानंतर तारांवरचा भार वाढला, पण क्षमतेच्या आतच राहिला. ३ वाजून ५ मिनिटांपर्यंत ग्रिड सांभाळण्याजोगे होते. त्यानंतर चेंबरलिन-हार्डिंग लाइन झाडाला टेकून ट्रिप झाली, तेव्हा तिच्यावर क्षमतेच्या निम्माही भार नव्हता. ३ वाजून ३२ मिनिटांनी हॅना-जुनिपर आणि ३ वाजून ४१ मिनिटांनी स्टार-साउथ कॅन्टन गेली. ४ वाजून ५ मिनिटांनंतर सॅमिस-स्टार तुटली आणि मग हातात काही उरले नाही.

मग ईस्टलेकला महत्त्व का द्यायचे? संच गेल्यावर आता आणखी एक लाइन किंवा एक केंद्र गेले तर काय होईल, हा हिशेब करायला हवा होता. तो कंपनीने केला नाही, असे अहवाल स्पष्ट नोंदवतो. २ वाजून १४ मिनिटांनी तिच्या नियंत्रण कक्षातली अलार्म यंत्रणा बंद पडली, आणि ते कुणाच्या ध्यानात आले नाही. म्हणजे संच गेल्यापासून अलार्म मुके होईपर्यंत त्रेचाळीस मिनिटे मिळाली होती. फोनवरचा तो ऑपरेटर मेगाव्हार कमी पडताहेत हे जाणून होता. त्याचे जाणणे पुढच्या हिशेबापर्यंत पोचले नाही. त्या दिवसाचा सर्वांत मोठा दोष मला हाच वाटतो.

अहवालाने ४६ शिफारशी केल्या. रिअॅक्टिव्ह पॉवर आणि व्होल्टेज नियंत्रणाच्या पद्धती कडक करणे ही त्यांतली एक. अमेरिकेत विश्वासार्हतेची मानके तोवर ऐच्छिक होती, ती २००७ पासून बंधनकारक झाली. त्यांतल्या व्हार-००२ या मानकानुसार ग्रिडला जोडलेला जनरेटर ऑटो व्होल्टेज नियंत्रणावरच चालवावा लागतो, आणि एव्हीआरची स्थिती बदलली तर ते पारेषण ऑपरेटरला तीस मिनिटांच्या आत कळवावे लागते.