संगीत-सॉफ्टवेअर : रियाज आणि स्वरलेखन

संगणकावर किंवा मोबाइलवर सूर-तालाची साथ करणारी, ध्वनिमुद्रण संथ करून ऐकवणारी आणि संगीत लिहू देणारी साधने. ही नोंद हिंदुस्थानी संगीताच्या विद्यार्थ्याची गरज धरून केली आहे.

रियाज : इलेक्ट्रॉनिक साथीची सुरुवात मोबाइलच्या कितीतरी आधी बंगळुरूत झाली. जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनवला आणि त्यांच्या ‘रॅडेल’ कंपनीच्या पेट्या घरोघरी पोचल्या. पुढे ‘आयतबलाप्रो’सारख्या ॲपांनी तानपुरा, ठेका आणि स्वरमंडळ एकत्र आणले. तबलावादकांसाठी लेहऱ्याची ॲपेही मिळतात. अशा ॲपात पहिल्यांदा पाहावी ती विलंबित लय. जुन्या चावीच्या मेट्रोनोमची पट्टी मिनिटाला ४० ठोक्यांपासून सुरू होते. बडा ख्याल १५ मात्रांच्याही खाली उतरतो. तिथे नुसता ठोका कामाचा नाही, भरीव ठेकाच हवा. गाण्याच्या पट्टीची अडचण किरकोळ आहे : गायकाची ‘काळी एक’ ॲपवर ‘सी शार्प’ म्हणून दिसते, एवढेच.

सूर दाखवणाऱ्या ट्यूनरबाबत मात्र सावध राहावे. बहुतेक ट्यूनर पियानोचे समान अंतराचे स्वर प्रमाण मानतात. सप्तकाचे १२०० सेंट धरले, तर पियानोचा शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटांवर येतो. तानपुऱ्याच्या खर्जातून उमटणारा स्वयंभू गांधार ३८६ वर असतो. म्हणजे तानपुऱ्यात मिसळलेला गांधार ट्यूनर १४ सेंट उतरलेला ठरवणार. दरबारीच्या आंदोलित कोमल गांधाराला तर एक ठरलेला आकडाच नाही. हा निवाडा कानाकडेच ठेवावा.

जुनी ध्वनिमुद्रणे ऐकून तान उचलायची असेल, तर सूर न बदलता गती कमी करणारे साधन लागते. ‘ऑडॅसिटी’ हे काम विनामूल्य करते. गती फार उतरवली की आवाज फाटतो.

लेखन : ‘फिनाले’ हे स्वरलेखनाचे सॉफ्टवेअर १९८८ चे. इंग्लंडमधील बेन व जोनाथन फिन या जुळ्या भावांचे ‘सिबेलियस’ १९९३ मध्ये आले. २०१२ मध्ये त्याचे लंडनमधील कार्यालय बंद झाले आणि तिथल्या मंडळींनी स्टाइनबर्ग या कंपनीकडे जाऊन ‘डोरिको’ घडवले. ते २०१६ मध्ये बाजारात आले. ऑगस्ट २०२४ मध्ये फिनालेचा विकास थांबवल्याची घोषणा झाली, तेव्हा अनेकांच्या आयुष्यभराच्या फायली अडचणीत आल्या. म्हणून प्रत्येक रचनेची एक प्रत ‘म्युझिकएक्सएमएल’ या सामाईक स्वरूपात ठेवावी. ‘म्यूझस्कोर’ विनामूल्य व मुक्त आहे. वृंदगान किंवा वाद्यमेळ लिहिणाऱ्या नवख्याने आधी तेच वापरावे. ‘लिलीपाँड’मध्ये स्वर अक्षरांनी टंकावे लागतात; छापील पान देखणे निघते, पण धीर हवा.

लेखनाची ही सारी साधने पाच रेषांच्या पाश्चात्त्य लिपीसाठी घडलेली आहेत. झपतालाचे २-३-२-३ विभाग त्यांत बसवता येतात, पण सम-खालीचा विचार त्यांच्या रचनेतच नाही. हिंदुस्थानी स्वरलेखनाच्या भातखंडे पद्धतीची चिन्हे युनिकोडमध्ये जुळवता येतात, तीही उसनवारीने : कोमलाची खालची रेघ वैदिक अनुदात्ताची, तीव्र मध्यमाची उभी रेघ स्वरिताची, मंद्राचे टिंब नुक्त्याचे आणि तार सप्तकाचे अनुस्वाराचे. कोमल स्वर मंद्रातला असला की रेघ आणि टिंब एकमेकांवर चढतात. एका मात्रेतले स्वर बांधणारी खालची कमान आणि मींडेची वरची कमान साध्या मजकुरात नीट उमटत नाहीत.

त्यामुळे बंदिशीसाठी महागडे सॉफ्टवेअर घेण्यात अर्थ नाही. स्प्रेडशीटमध्ये एका रकान्याला एक मात्रा धरावी, वरच्या ओळीत ×, २, ०, ३ ही तालचिन्हे, मधे स्वर आणि खाली बोल लिहावेत. कमानी छापील प्रतीवर पेनाने काढाव्यात.