हुकूम न पोचलेला हात

आमच्या कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये माथाडी कामगार लोखंडी सळ्या उचलतात, तेव्हा आपल्याला दिसतात ते त्यांचे दंड. पण स्नायू हा हुकमाचा ताबेदार. मेंदूचा हुकूम पाठीच्या कण्यातून मज्जातंतूंच्या वाटेने स्नायूपर्यंत येतो. तंतू आणि स्नायू यांच्यामध्ये एक सूक्ष्म फट असते. तिथे ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन पाझरते. मग स्नायूत कॅल्शियम सुटते, प्रथिनांचे धागे एकमेकांवर सरकतात आणि स्नायू आवळला जातो. धाग्यांचे हे सरकणे १९५४ साली दोन स्वतंत्र गटांनी एकाच वेळी मांडले.

ही वाट तुटली की काय होते, हे आपल्या समाजाने शतकानुशतके पाहिले. ओळखले मात्र नाही. कुष्ठरोग्याची वाकडी बोटे म्हणजे पापाचे फळ, असे लोक म्हणत. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्ये या रोगाचा जंतू शोधला. तो मज्जातंतूंत शिरतो. कोपराजवळ कातडीलगत जाणारा तंतू निकामी झाला की हुकमाविना तळहातातले छोटे स्नायू सुकतात आणि बोटे आत वळतात.

वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांना १९४७ च्या सुमारास दिसले की, अशा रुग्णांच्या कोपराखालचे बरेचसे स्नायू शाबूत असतात. त्यांनी अशा धडधाकट स्नायूचा दोरीसारखा शेवट बोटांकडे वळवून बांधला. नंतर सराव करून रुग्ण त्या स्नायूला नवे काम शिकवी. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरोग्यांवरील अशा शस्त्रक्रियांचे काम उभे केले. आमच्या पनवेलजवळ नेऱ्याला कुष्ठरोग्यांसाठी ‘शांतिवन’ उभे राहिले.

मी शब्दांत रमणारा माणूस. ‘हात आखडता घेणे’ हा वाक्प्रचार मला इथे टोचतो. रोग्याचा हात आखडला तो तंतूमुळे. समाजाने आपला हात आखडता घेतला तो स्वखुशीने. रोग्यांना वेगळे कोंडण्याचा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ पर्यंत कायद्यात होते. खरे तर १९८० च्या दशकातच बहुविध औषधोपचार आला होता आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला होता.

आज ही औषधे सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर तो लपवू नका. औषध वेळेवर सुरू झाले, तर मेंदूचा हुकूम बोटांपर्यंत पोचत राहतो.