विटांचे निदान : अहमदाबादच्या एका विद्यासंकुलाची कथा

भारतीय व्यवस्थापन संस्था, अहमदाबाद ही डिसेंबर १९६१ मध्ये स्थापन झाली. तिच्या संकुलाची रचना अमेरिकन वास्तुविशारद लुई कान यांनी केली. त्यांना या कामासाठी आणण्यात बाळकृष्ण दोशी यांचा पुढाकार होता. दोशी पुण्यात जन्मले व मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले. उघड्या विटांच्या भिंती, भव्य कमानी आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या काँक्रीटच्या तुळया यांमुळे हे संकुल जगभर अभ्यासाचा विषय ठरले. मार्च १९७४ मध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकावर कान यांचे निधन झाले.

वास्तूचे आयुष्य मात्र पुढे चालूच राहिले. छतांतून गळती होऊ लागली, भिंतींना ओल व लोणा धरला, विटांचे पापुद्रे सुटू लागले. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने त्यात भर घातली.

या लक्षणांवरून रोग कसा ओळखायचा? ओल शिरली की काँक्रीटमधील सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि भोवतालचे आवरण आतून फोडतो. अशा ठिकाणी वरून गिलावा फिरवल्यास भेग झाकली जाते, गंज थांबत नाही. म्हणून अभियंते प्रथम प्रत्येक भेगेची जागा व रुंदी नकाशावर नोंदवतात. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख घालतात. पट्टी तडकली, तर हालचाल सुरू आहे असे समजते. स्वनातीत लहरींचा वेग काँक्रीटची आतील एकसंधता सांगतो. ताज्या तुटलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडल्यास निरोगी भाग गुलाबी होतो; ज्याची क्षारता गेली आहे तो भाग रंगहीन राहतो आणि तेथील सळईचे संरक्षण संपलेले असते.

संस्थेने मुंबईच्या वास्तुविशारद ब्रिंदा सोमाया यांच्या कार्यालयाकडे जतनाचे काम सोपवले. विक्रम साराभाई ग्रंथालयाच्या जीर्णोद्धारास २०१९ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. तरीही डिसेंबर २०२० मध्ये १८ पैकी १४ वसतिगृहे पाडण्याचा मनोदय संस्थेने माजी विद्यार्थ्यांना कळवला. छताचे तुकडे पडत असताना तेथे विद्यार्थ्यांना ठेवायचे कसे, ही तिची चिंता होती. देशविदेशांतून विरोध झाला आणि १ जानेवारी २०२१ रोजी तो निर्णय मागे घेण्यात आला. २०२२ मध्ये मात्र संस्थेने पुनर्बांधणीची भूमिका पुन्हा जाहीर केली.

एकाच संकुलातील एक वास्तू गौरवली गेली, दुसऱ्यांवर पाडण्याची वेळ आली. दोन्ही बाजूंचे म्हणणे पोकळ नव्हते. वारशाचे मोल खरे, तसेच छताखाली झोपणाऱ्या विद्यार्थ्याचा जीवही खरा. या दोहोंमधील निवाडा भावनेने होत नाही. तो वर्षानुवर्षे जपलेल्या नोंदींनी होतो. नोंदी उशिरा सुरू झाल्या, की पर्याय उरतात ते महाग किंवा कठोर.

हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या शाळांच्या अनेक इमारती याच पिढीच्या आहेत. त्यांच्यामागे जगप्रसिद्ध नाव नसेल, पण त्यांच्या विटा, सळया आणि पावसाळे तेच आहेत. दर पावसाळ्याच्या आधी व नंतर केलेली पाहणी, तारखेसह ठेवलेली छायाचित्रे आणि तज्ज्ञांकडून वेळोवेळी करून घेतलेले संरचना परीक्षण यांची एक साधी वही शाळेच्या कपाटात असावी. माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून नवे दालन उभे राहते, तशीच जुन्या छताची तपासणीही व्हावी. कारण त्या छताखाली आज त्यांचीच मुले बसतात.