२२ वेळा घराबाहेर

बग सापडत नसला की आम्ही लॉग वाचत बसतो. कंटाळवाणं काम, पण काय घडलं ते तिथेच असतं. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एका नवराबायकोने असंच काहीसं केलं. त्यांचा संगीत प्रकाशनाचा छोटा धंदा होता, कर्ज एचबीओएस बँकेच्या रेडिंग कार्यालयाचं.

तिथे अडचणीतली कर्जखाती लिंडन स्कॉरफील्ड बघायचा. त्याची अट होती, डेव्हिड मिल्सची क्वेसाइड ही सल्लागार कंपनी नेमा. मग तिची भरमसाट फी, ती भरायला आणखी कर्ज, आणि शेवटी धंदाच हातातून जायचा. स्कॉरफील्डला बदल्यात रोकड, परदेशी सहली, वेश्या.

या दोघांनी कंपन्यांच्या सरकारी नोंदी चाळल्या. बुडालेल्या धंद्यांत पुन्हा पुन्हा तीच नावं! डेटाबेसवाल्यांच्या भाषेत, साधं जॉइन. बँकेला दाखवलं, तर बँकेने कानावर हात ठेवले. उलट त्यांनाच घराबाहेर काढायचा प्रयत्न २२ वेळा झाला.

एकट्याचं कोण ऐकतो? २०१४ मध्ये बँकांनी पोळलेले छोटे उद्योजक एकत्र आले, ‘एसएमई अलायन्स’ उभी राहिली. २०१७ मध्ये सहा जणांना शिक्षा झाली. मिल्सला १५ वर्षं, स्कॉरफील्डला ११ वर्षांहून जास्त.

बँकेला संशय २००७ मध्येच आला होता, तरी तिने नियामकाला नीट कळवलं नाही. त्याबद्दल २०१९ मध्ये ४.५५ कोटी पौंड दंड झाला. तो गेला सरकारी तिजोरीत.