धूम्रपान व बोटांतील रुधिराभिसरण

तंबाखूच्या धुराने हातापायांच्या बोटांतील रक्तप्रवाह मंदावतो आणि काही व्यक्तींत तो कायमचा खंडित होतो. या विकाराची ओळख वैद्यकाला फार उशिरा पटली.

तंबाखू हिंदुस्थानात पोर्तुगीजांनी आणली. सध्याच्या रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पूर्वीचा कुलाबा) किनाऱ्यावरील चौल–रेवदंडा हे १७४० पर्यंत त्यांचे मातब्बर ठाणे होते. सतराव्या शतकाच्या प्रारंभी असद बेगने विजापुराहून ती अकबराच्या दरबारात नेली; १६१७ मध्ये जहांगीराने तिच्यावर बंदी घातली, पण व्यसन हटले नाही. पुढे विडी आली. तिच्यासाठी टेंभुर्णीची आणि काही ठिकाणी आपट्याची पाने वापरीत. पानाची विडी लवकर विझते, म्हणून ती वारंवार व जोराने ओढावी लागते. स्वस्ताईची ही दुसरी बाजू सहसा लक्षात घेतली जात नाही.

निकोटिनामुळे ॲड्रेनॅलीन व नॉरॲड्रेनॅलीन ही द्रव्ये स्रवतात, त्वचेतील सूक्ष्म रोहिण्या आकुंचन पावतात आणि बोटांचे तापमान उतरते. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हीमोग्लोबिनाशी संयोग पावून ऑक्सिजनाचा पुरवठा आणखी घटविते. ही बाधा तात्पुरती असते. बर्गर रोगात मात्र लहान व मध्यम रोहिण्या आणि नीला यांच्या भित्तींचा दाह होऊन आत रक्ताची गुठळी बनते. बोटे गार व फिकट पडतात, विश्रांतीतही ठणकतात, नखांच्या कडेला न भरणारे व्रण होतात आणि अखेर कोथ होऊन बोट कापावे लागते. रुग्ण बहुधा पंचेचाळिशीच्या आतले, म्हणजे ऐन कमावत्या वयाचे असतात.

फेलिक्स फोन विनिवार्टर यांनी १८७९ मध्ये अशा रुग्णाचे वर्णन केले. न्यूयॉर्क येथील लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये कापलेल्या अवयवांची तपासणी करून रोगाला शास्त्रीय नाव दिले. त्यांचे बहुतेक रुग्ण पूर्व यूरोपातून आलेले ज्यू असल्याने हा त्या वंशाचाच रोग मानला गेला. ज्या किनाऱ्यावर बेने इस्रायल शतकानुशतके तेलाचे घाणे चालवीत आले, तेथील वाचकाला या समजुतीचे कुतूहल वाटेल. पुढे भारत, नेपाळ व बांगला देश येथील विडी ओढणाऱ्या श्रमजीवींत हा रोग विपुल आढळला आणि ती समजूत मागे पडली. हातातील रक्तपुरवठा पाहण्याची सोपी कसोटी एडगर ॲलन यांनी १९२९ मध्ये सांगितली; तिचे पुढे सुधारलेले रूप असे : मनगटाच्या दोन्ही रोहिण्या दाबून मूठ उघडावयाची, मग एक सोडून तळहात किती वेळात लाल होतो ते पाहावयाचे.

अनुकंपी तंत्रिका छेदण्याची शस्त्रक्रिया व रोहिणी विस्फारक औषधे यांनी वेदना कमी होतात; परंतु धूम्रपान पूर्णतः सोडल्याखेरीज रोग थांबत नाही. दिवसाला एक–दोन विड्याही तो चालू ठेवण्यास पुरतात. जाळे विणणे असो वा नारळावर चढणे, किनाऱ्यावरची बहुतेक कामे बोटांचीच असल्याने एक बोट गेले तरी घराची मिळकत घटते. नखे मात्र लवकर साक्ष देतात : धुराने पिवळसर झालेल्या नखाच्या मुळाशी, विडी सोडल्यावर, स्वच्छ नवे नख वाढू लागते व दोहोंत स्पष्ट रेषा दिसते. हाताचे नख महिन्याला सु. ३ मिमी. वाढत असल्याने या रेषेवरून व्यसन सोडल्याचा काळ अजमावता येतो.