शाळेतील हरित सेना

शाळेत पर्यावरण मंडळ काढणे आज नवे वाटत असले, तरी त्याची मुळे जुनी आहेत. १९५० साली केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने निसर्गाचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने हा विषय शाळांतून शिकविण्यास सांगितले. आणि २००१-०२ मध्ये ‘राष्ट्रीय हरित सेना’ या नावाने शाळांतून मंडळे निघाली.

उत्सव, कर्तव्य, शिक्षण, संघटना असा हा क्रम आहे. परंतु रोप लावणे एका दिवसाचे काम, जगविणे अनेक उन्हाळ्यांचे. जुलैत लावलेल्या रोपाची खरी परीक्षा मे महिन्यात, नेमकी शाळेला सुटी असताना होते.

आमच्या कळवणात या गोष्टीला विशेष वजन आहे. येथल्या डोंगरांतले पाणी घेऊन गिरणा मालेगाव, जळगावकडे जाते. डोंगर उघडे पडले, तर माती वाहून जाते, झरे लवकर आटतात. त्याची झळ खालच्या गावांनाही पोचते. म्हणून मंडळाच्या पहिल्याच सभेत आम्ही एवढेच विचारू: सुटीत पाणी कोण घालणार? ज्या शाळेपाशी याचे उत्तर आहे, तिचे मंडळ खरे.